चाकोबाची जागा

उमादेवींनी आधी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून गाडीबाहेर सोडला, मग डावा. मग त्यांनी खालच्या वाळूकडे पाहिलं, भाव ऐकून गिऱ्हाईक दुकानदाराकडे पाहतं तसं. ओढ्यात गाडी रुतली होती. गाडीवान आश्रुबा बैलांच्या शेपट्या पिरगाळत होता आणि बैल शांतपणे पाणी पीत होते.

"उतरू नका आक्का," आश्रुबा म्हणाला, "तुमच्या उतरन्यानं गाडीला काय कळनार हाय?"

"गाडीला नाही कळणार. पण मास्तर उतरलेत. मी बसून राहिले तर बैलांना वाटेल, बाई मिजासखोर आहे."

कल्याणराव मास्तर केव्हाच ओढ्यापलीकडे जाऊन उभे राहिले होते. धोतराचा सोगा हातात, डोक्याला काळी टोपी, पायांत धुळीनं पांढरे पडलेले पंपशू. ते समोरच्या डोंगराकडे पाहत नव्हते, हे उमादेवींच्या नजरेनं टिपलं. एरवी असल्या ठिकाणी पोचायच्या आधीच हा माणूस मान वर करून चालू लागायचा, दोनदा ठेचकाळायचा, आणि फुटलेला अंगठा घरी गेल्यावर बायकोपुढे धरायचा. आज ते आपल्या पंपशूंकडे पाहत होते.

"अजून किती लांब?" त्यांनी विचारलं.

"आसंल दीडेक कोस."

"बरं."

उमादेवींचा वाळूवर टेकलेला पाय तिथंच थांबला. उभ्या संसारात 'दीडेक' हा शब्द कल्याणरावांनी कोणालाही फुकट वापरू दिला नव्हता. दीडेक म्हणजे सव्वा का पावणेदोन? आणि कोस कुठला, गावचा का सरकारी? दूधवाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना त्यांनी या प्रश्नानं पिडलं होतं. आज नुसतं 'बरं'.

बायकोच्या जातीला नवऱ्याच्या तक्रारी तोंडपाठ असतात. पण नवऱ्याची सवय एकाएकी सुटली की तिला तक्रारीपेक्षा जास्त घोर लागतो.

कल्याणराव परभणीच्या सरकारी शाळेत जुगराफिया शिकवत. भूगोलाला तेव्हा जुगराफिया म्हणत आणि तो उर्दूत शिकवत. पगार बेताचा, पण नाद मोठा. जिथं म्हणून माणसानं काही मोजलं, बांधलं, शोधलं, ती जागा डोळ्यांनी पाहायची आणि तिला हात लावायचा. इतरांचे नवरे सुट्टीत बायकांना तीर्थाला नेत. उमादेवींना हैदराबादला बेगमपेठेच्या वेधशाळेत नेलं होतं, भर दुपारी, तारे नसताना. खंडाळ्याच्या घाटात आगगाडी पूर्वी जिथं उलटी फिरायची ती गवत उगवलेली जागा दाखवली होती. औरंगाबादची पाणचक्की तेवढी उमादेवींना मनापासून आवडली, कारण तिथं सावली होती आणि हौदात मासे होते. नात्यातल्या बायका विचारत, "औंदा कुठं नेलं, उमाआक्का?" आणि उमादेवी सांगत, "एक खांब बघून आलो. चांगला उभा आहे."

सगळ्यांत जास्त ओढ मास्तरांना मोजणीच्या दगडांची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या मोजणीवाल्यांनी सगळा मुलूख त्रिकोणांनी मोजत नेला. डोंगराच्या माथ्यावर दगड बसवायचा, दगडावर वर्तुळ, वर्तुळात टिंब. त्या टिंबावर दुर्बीण मांडून दुसऱ्या डोंगरावरचं टिंब पाहायचं, तिथून तिसऱ्यावरचं. नकाशातली प्रत्येक नदी, प्रत्येक गाव त्या टिंबांना टांगलेलं आहे, असं मास्तर सांगत. उमादेवींनी ते आपल्या परीनं समजून घेतलं होतं: खुंटी हलली की कोट खाली.

असला एक दगड आपल्याच जिल्ह्यात, सोनपेठच्या पुढं बालाघाटाच्या डोंगरात आहे, असं मास्तरांना फार वर्षांपूर्वी कळलं होतं. पण जवळचं असतं ते माणूस मागं ठेवतो. मग निजाम गेला, शाळा मराठी झाली, मास्तरांना पेन्शन मिळाली, आणि गेल्या पावसाळ्यात शाळेतले उर्दू नकाशे सुतळीनं बांधून अडगळीत गेले. त्यांतले कितीतरी मास्तरांनी स्वतःच्या हातानं काढलेले होते. कोणाची चूक नव्हती. पोरांना ती अक्षरंच वाचता येत नव्हती. मास्तर त्या दिवशी घरी आले, जेवले, आणि 'भाजी छान झाली' म्हणाले. भाजी खारट होती. उमादेवींनी तेव्हाच ओळखलं, काहीतरी ढिलं झालंय.

म्हणून ही सहल त्यांनीच काढली होती. मास्तरांना नव्हे, त्यांनाच वाटलं की तो एक दगड पाहून होऊ दे, माणूस जागेवर येईल. बदल्यात एक कबूल करून घेतलं होतं. हा शेवटचा. त्यानंतर येत्या शिवरात्रीला श्रीशैल.

श्रीशैलची गोष्ट वेगळी होती. पूर्ण्याला रेल्वेत असलेल्या त्यांच्या भावानं, रेवणसिद्धानं, वीस-पंचवीस माणसांचा जथा जमवला होता. रेल्वे, मग मोटार, मग जंगल, आणि शेवटी डोंगरातल्या पायऱ्या. पायऱ्या चढताना एका वळणावर शिखर दिसतं, ते उभं राहून पाहायचं. उमादेवींच्या आईनं ते पाहिलं होतं, आजीनं पाहिलं होतं. डोलीत बसून जाता येतं, असं रेवणसिद्ध म्हणाला, तेव्हा त्या फणकारल्या होत्या, "डोलीत बसून जायचं ते मसणात. देवाला पायानं."

आणि पायांचा हिशोब फक्त त्यांनाच ठाऊक होता. घरातलं चालणं खर्चात धरायचं नाही. बाजार म्हणजे एक रात्र शेक. पण चढण ही ठेवीतून जायची. गेल्या दिवाळीला नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला गेल्या, तिथं देवळाच्या चार पायऱ्यांनी त्यांना आठ दिवस झोपवलं होतं. वैद्य म्हणाले, आता चढणं बंद. उमादेवींनी मनाशी तडजोड केली: बंद, पण एक सोडून. गुडघ्यांत एक चढण शिल्लक आहे, ती श्रीशैलची. तिला हात लावायचा नाही. या दगडापर्यंत गाडी जाते का, हे त्यांनी आश्रुबाला तीनदा विचारून घेतलं होतं आणि आश्रुबानं तिन्ही वेळा बैलांची शपथ घेतली होती.

गाडी खरंच वाडीपर्यंत गेली. वाडी म्हणजे डोंगराच्या पोटातल्या खळग्यात दहा-बारा खोपटं, मेंढरांचे काटेरी वाडे, आणि मधोमध लिंबाचं झाड. झाडाखाली शेंदरानं माखलेला एक चौकोनी दगड. त्याच्यापुढं म्हातारा येडबा धनगर कांबळं पांघरून बसला होता.

"ह्योच का मोजणीचा दगड?" आश्रुबानं मास्तरांच्या वतीनं विचारलं.

"मोजनीबिजनी कळत न्हाई," येडबा म्हणाला. "ह्यो चाकोबा. सायबाच्या वक्ताचा हाय म्हनत्यात. पाया पडायचं तर पडा, नारळ आनला का?"

नारळ उमादेवींनी आणलेला होता. असल्या प्रवासांत काय लागतं ते त्यांना मास्तरांपेक्षा जास्त कळत असे. येडबानं शेंदराचा एक पापुद्रा नखानं काढून दाखवला. खाली दगडात खोदलेली वर्तुळाची कड दिसली आणि मधलं टिंबही.

कल्याणराव खाली बसले. त्यांनी टोपी काढली, तळहात दगडावर ठेवला. हे ते नेहमी करत. नंतर ते उठत, चारी दिशांना वळत आणि दिसेल त्या डोंगराचं नाव घेत. नाव माहीत नसेल तर कोणालातरी धरून विचारत. आजही ते उठले. उत्तरेला खोपटं होती. पूर्वेला मेंढवाडा. बाकी दोन बाजूंना डोंगराची भिंत.

"झाडं वाढली असतील," कल्याणराव म्हणाले आणि पुन्हा खाली बसले.

झाड एकच होतं. उमादेवींनी ते पाहिलं, आणि मग येडबाची बायको बानूबाई बोलावत होती तिकडं वळल्या.

बानूबाई खोपटाच्या दारात लोकर कातत होती. वयानं उमादेवींएवढीच, पण उकिडवी बसलेली, आणि उठताना जमिनीला हात न लावणारी. उमादेवींनी तिच्या गुडघ्यांकडे उघड उघड हेव्यानं पाहिलं.

"पानी देऊ का आक्का?"

"पाणी नको," उमादेवी म्हणाल्या. मग जरा थांबून, "दूध चालेल."

बानूबाईच्या डोळ्यांत हसू आलं. गळ्यात लिंग असलेल्या बायका कोणाच्या घरचं काय घेतात आणि काय घेत नाहीत, हे तिला चांगलं माहीत होतं. तिनं लोटा भरून दूध दिलं. उमादेवी बसायला लागल्या, तर गुडघा असा वाजला की दारातली कोंबडी बाजूला झाली.

"लय दुकतंय?"

"दुखतं त्याला इलाज आहे. हे आता माझ्याशी बोलतच नाही."

"मग चाकोबाला सांगा की. पायाचं दुकनं त्योच बगतोय. फिरस्ता देव हाय."

"फिरस्ता म्हणजे?"

"म्हंजी आमच्यासंगं फिरतोय." बानूबाईनं चातीला गिरकी दिली. "आदी वाडी त्या बोडक्या टेकाडावर व्हती. त्ये बगा, लिंबाच्या शेंड्यावरनं दिसायलंय त्ये. माज्या सासऱ्याचा बाप तवा लेकरू. वरचा झरा आटला, वाडी खाली आली. देव बी आला. मग मानमोडीचा ताप आला, मानसं मेली, ती जागा सोडली. देव बी सुटला. मग रझाकाराच्या सालात वाडी जळाली, तवापसनं हितं. हितं तर मीच पानी घातलंया त्येला."

"एवढा दगड आणता कसा?"

"वाशाला बांदून, चौगंजन. चालत ऱ्हायचं. देव जड झाला की समजायचं, त्येला जागा आवडली. तितंच ठिवायचा."

"आणि जड कधी होतो?"

बानूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. येडबा लांब होता. ती वाकून म्हणाली, "मी बगितलंया आक्का. सावली आली की जड व्हतोय."

उमादेवी हसल्या. अंग हलवून हसल्या, दूध सांडता सांडता राहिलं. आणि हसता हसताच त्यांना कळलं की आपण काय ऐकलं. त्यांनी लिंबाच्या शेंड्यावरून दिसणाऱ्या टेकाडाकडे पाहिलं. मग झाडाखाली बसलेल्या नवऱ्याकडे.

त्यांनी शांतपणे आखणी केली. सांगितलं नाही, तर तासाभरात गाडी जुंपून सोनपेठ, तिथून संध्याकाळची मोटार. गुडघे जपलेले, पुढं श्रीशैल. मास्तरांना दगड पाहिल्याचं समाधान. येडबाला नारळ. यात नुकसान कोणाचं, ते त्यांनी शोधून पाहिलं, पण नाव सापडेना. तरीही त्या दाराच्या चौकटीला धरून उठल्या आणि लिंबाकडं गेल्या.

"अहो, ही ती जागा नाही. दगड तोच आहे, पण ह्यांनी हलवलाय. एकदा नाही, तीन वेळा. मुळात तो त्या बोडक्या टेकाडावर होता."

कल्याणरावांनी वर पाहिलं नाही. "माहीत आहे."

"कसं माहीत?"

"खळग्यात बसून कोणी दुर्बीण लावतं का? आल्याबरोबरच कळलं."

"मग बसलात कशाला?"

"दगड तर तोच आहे ना. हेच समजू." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "चल, मोटार चुकेल."

उमादेवी तिथंच उभ्या राहिल्या.

"हिंगणघाटला गेलो होतो," त्या म्हणाल्या, "मोजणीच्या कुठल्या मोठ्या साहेबाची कबर बघायला. अंधारून आलं होतं. मी म्हणाले, दोन्ही कबरी सारख्याच दिसतात, एकीला हात लावा आणि चला. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

कल्याणराव पंपशूतली वाळू झाडू लागले.

"म्हणालात, मोजणीत 'जवळपास' नसतं. म्हणालात आणि पुन्हा मागं फिरवलंत मला, त्या काट्यांतून. तिथं पहिल्यांदा हा उजवा गेला. मी काही बोलले नाही. म्हटलं, माणूस वेडा आहे, पण वेडाला काही टोक आहे. आणि आज म्हणता, हेच समजू?"

"उमा, ओरडू नको. लोक बघताहेत."

"बघू दे. मेंढरं आहेत."

कल्याणरावांनी लिंबाच्या खोडाला पाठ टेकली. आवाज खाली आणून ते म्हणाले, "मी जन्मलो निजामात. नोकरी केली हैदराबाद स्टेटात. पेन्शन घेतो मुंबई राज्याची. घर आपलं तेच, पिंपळाच्या बोळातलं. सगळा जिल्हा उचलून इकडचा तिकडं ठेवला, नकाशे उद्या पुन्हा बदलतील, कोणाचं काही अडलं नाही. मग ह्यांनी एक दगड चार हात सरकवला, त्याचं मी काय घेऊन बसू? थकलो मी. खरंच."

राज्यांचं उमादेवींना काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की नवऱ्याचे पाय शाबूत आहेत. सकाळी ओढा त्यांनी पोरासारखा ओलांडला होता. थकलं होतं ते दुसरंच काही, आणि त्याला शेक देता येत नव्हता.

"तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "पण माझे गुडघे कशापायी गेले, ते मला माहीत असायला पाहिजे. बानूबाई, वाट दाखव."

बानूबाईनं चाती खोचली. "वर? तुमी?"

"उमा," कल्याणराव म्हणाले, "शिवरात्रीला पंधरा दिवस राहिलेत."

"मला मोजता येतं."

"श्रीशैलचं काय मग?"

उमादेवींनी पदर कमरेला खोचला आणि बानूबाईची काठी टेकत शेळ्यांच्या पायवाटेला लागल्या. कल्याणराव उठले, चार पावलं मागं आले आणि मेंढवाड्यापाशी थांबले.

चढण फार नव्हती. धडधाकट माणसाला चिलीम ओढून होईल एवढ्या वेळाची. उमादेवींनी ती अशी केली, की बानूबाईच्या डोक्यावरचं ऊन तिच्या पाठीवर आलं. पहिल्या वळणाला गुडघे नुसते कुरकुरले. दुसऱ्याला भांडू लागले. तिसऱ्यानंतर ते परके झाले, आणि मग सोपं गेलं. परक्याशी माणूस फार तोलूनमापून वागत नाही. मध्येच बानूबाई म्हणाली, "आक्का, वर काय बी न्हाई. रान हाय नुस्तं. कशापायी जायलाव?"

"बघायला."

"काय?"

"काय नाही ते."

माथ्यावर वारा होता. जुन्या खोपटांच्या जोत्यांचे दगड, लेंड्या, वाळकं कुसळ. आणि मधोमध मोठ्या धोंड्यांचा एक चौथरा, अर्धा ढासळलेला. बानूबाईनं बोट दाखवलं, "हितनंच उचलला म्हनत्यात."

उमादेवी चौथऱ्याच्या कडेला बसल्या. मधे खड्डा होता, शेणकाला आणि पाल्यानं भरलेला. दगड निघाल्यावर राहिलेली जागा. त्या थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. मग, घरात कुठलंही अडगळीचं भांडं दिसलं की आत काय आहे ते बघायचं, या सवयीनं त्यांनी काठीनं ती घाण उकरायला सुरुवात केली. बानूबाईनं हातानं मदत केली. वीतभर खाली काठी खडकावर वाजली. डोंगराचाच काळा खडक, अखंड. पदराच्या टोकानं त्यांनी तो पुसला.

खडकात वर्तुळ होतं. मधे टिंब.

"आगं बया," बानूबाई मागं सरकली आणि तिनं हात जोडले. "ह्यो कोन?"

उमादेवींना मास्तरांचं जुनं बोलणं ऐकू आलं, जेवताना ऐकलेलं, अर्धं: शहाणे मोजणीवाले खाली खडकातही खूण करतात, म्हणजे वरचा दगड कोणी नेला तरी. तेव्हा त्या आमटी वाढत होत्या.

"हा तुमच्याबरोबर आला नाही," त्या म्हणाल्या. "हा उचलता येत नाही."

"आन आमी इतकी वर्सं धाकल्यालाच नारळ फोडलं?" बानूबाई म्हणाली. मग विचार करून, "पर त्यो संगं आला. ह्यो न्हाई आला."

हेही खरं होतं. उमादेवींनी मान डोलावली. खुणेवर तळहात ठेवावा, असं त्यांना वाटलं नाही. ते मास्तरांचं काम. त्यांनी बोटानं वर्तुळ मापलं. टिंबात करंगळीचं नख घालून पाहिलं. मग काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या आणि हळूहळू चारी बाजूंना वळल्या. नाव एकाही डोंगराचं माहीत नव्हतं. म्हणून बाजाराला निघालेली बाई घरचं सामान मनात घोकते तसं त्यांनी सगळं घोकून घेतलं.

उतरताना उजव्या गुडघ्यानं जे करायचं ते केलं. निम्म्या वाटेवर तो वाकेनासा झाला. बानूबाईनं त्यांना मेंढराच्या पिलासारखं काखेत धरून खाली आणलं.

कल्याणराव मेंढवाड्यापाशी नव्हते. पायथ्याशी, पायवाटेच्या पहिल्या धोंड्यावर उभे होते. बायकोचा पाय पाहून त्यांचं तोंड उतरलं. दोघांनी मिळून त्यांना गाडीत बसवलं. बानूबाईनं मेंढीच्या तुपाची वाटी दिली, "रोज चोळा," म्हणाली, आणि काय झालं ते येडबाला सांगायला पळाली. आश्रुबानं गाडी जुंपली. मोटार आता मिळणार नाही, असं तो म्हणाला.

ओढा ओलांडून झाल्यावर कल्याणरावांनी विचारलं, "काही होतं का?"

"होतं."

"काय?"

"खाली खडकात खूण. वर्तुळ आणि टिंब. हललेलं नाही."

कल्याणराव गाडीत वळून बसले.

"वर्तुळ केवढं?"

"भाकरीएवढं नाही. पुरीएवढं."

"पुरी कुठली? घरची का हॉटेलातली?"

"घरची."

"टिंब?"

"ज्वारीचा दाणा उभा बसेल. आडवा नाही बसणार."

"उत्तरेला काय दिसतं?"

"उत्तर कुठं ते मला काय ठाऊक? ऊन डाव्या गालावर होतं, तेव्हा समोर गंगा-गोदावरी दिसत होती. मधे एकच झाड आडवं येतं, तेही लांब. मागं वळलं की डोंगरच डोंगर, पण त्यांत एक सपाट माथ्याचा, परातीसारखा. त्याच्या उजव्या अंगाला खाच आहे."

कल्याणरावांनी डोळे मिटले होते. त्यांचा हात हवेत उचलला गेला, डावीकडे गेला, एका ठिकाणी थांबला. "खाच," ते म्हणाले. "बरोबर. मोजणीवाल्यांनी तिथूनच बघितलं असणार." मग थोड्या वेळानं, "टेकाडाचा उतार कुठल्या अंगाला जास्त?"

तेही उमादेवींनी सांगितलं. सांगताना गाडीच्या प्रत्येक हिसक्याला त्यांचं तोंड वाकडं होत होतं. कल्याणरावांनी ते पाहिलं. धोतराचा सोगा तांब्यातल्या पाण्यानं भिजवून त्यांनी तो सुजलेल्या गुडघ्यावर ठेवला आणि वर हात ठेवून बसले.

"रेवणसिद्धाला सांगून डोलीचं बघतो," ते म्हणाले. "तू काही बोलू नको."

"डोली नको."

"मग कशी जाशील?"

"मी नाही जाणार. ती चढण झाली." त्यांनी हे असं सांगितलं, जसं डब्यातलं पीठ संपलं म्हणून सांगावं. "तुम्ही जाऊन या."

"मी?"

शिवरात्रीला उपास धरायचीही ज्यांना आठवण करून द्यावी लागे, त्या माणसानं बायकोकडे पाहिलं.

"तुम्ही. जथ्याबरोबर. सगळ्या पायऱ्या चढून. आणि आल्यावर मला सांगा. वळण कुठलं, शिखर कुठून दिसतं, उन्हात कसं दिसतं, किती वेळ दिसतं. मी आज सांगितलं तसं." त्या जरा थांबल्या. "समजू-बिमजू म्हणत येऊ नका."

दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. हुरड्याचा धूर रानावर तरंगत होता. कल्याणरावांनी टोपी डोळ्यांवर ओढली. उमादेवींना वाटलं, झोपले.

"उमा," ते म्हणाले, "ते वळण आलं हे कळतं कसं? काही खूण सांगितली होती का आईनं?"

उमादेवींनी पाय थोडा सरळ केला. "सांगते," त्या म्हणाल्या. "नीट ऐका."